गिरणीतला रविवार

आमच्या गावातली भातगिरणी बंद पडली त्याला बरीच वर्षं झाली. रेशनचा तांदूळ आला, पोरं मुंबईला गेली, मळे पडीक राहिले, मग गिरणीत भात आणणार कोण? मोटर कोणीतरी उचलून नेली. पट्टा मात्र अजून चाकावर लोंबकळतोय. भिंतींना कोंड्याचा वास येतो, पावसाळ्यात जरा जास्तच. या गिरणीत महिन्यातून दोन रविवारी आमचा वर्ग भरतो.

वर्ग म्हणजे नक्की काय, ते मला चटकन सांगता येत नाही. पोरं ‘गिरणीची शाळा’ म्हणतात, पोलीसपाटील ‘बाईंची मीटिंग’ म्हणतात. माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. इतिहास शिकवला तो ‘रिकाम्या जागा भरा’ आणि ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’ अशा चालीचा. चवदार तळ्याचा सत्याग्रह कोणी केला? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केला. एक गुण. निवृत्त झाल्यावर वाटायला लागलं, त्या एका वाक्याच्या मागेपुढे जे होतं ते आपण कधी बोललोच नाही. बोलायला हवं. आणि मुलांशीच नाही, त्यांच्या आईबापांशी, आजी-आजोबांशी.

सगळ्यात आधी अडलं ते जागेवर. देवळाच्या सभामंडपात भरवावं, तर बौद्धवाडी येणार नाही. हल्ली कोणी अडवत नाही हो, पण येणार नाहीत. विहारात भरवावं, तर वरच्या आळीतले ‘बघू’ म्हणणार, आणि आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे नाही. शाळेत म्हणावं तर परवानगीचा अर्ज, त्यावर ‘विषय’ लिहायचा. मग ज्या जागेला सगळ्या वाड्यांचे पाय लागलेत अशी जागा शोधायला बसलो. दोनच निघाल्या. एक एसटीचा थांबा आणि दुसरी भातगिरणी. थांब्याला छप्पर नव्हतं.

गिरणी म्हणजे सगळ्यांची, असं मी पहिल्याच रविवारी मोठ्या कौतुकाने बोलून गेले. सगळ्यांचं भात एकाच मशीनमधून निघायचं वगैरे. मागे बसलेल्या बौद्धवाडीतल्या एक आजी म्हणाल्या, “निघायचा बाई, पन आमचा शेवटी. दिवेलागनीला. मग तो मशीन पुसायचा नि घरी जायचा.” बोलताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. अमुक साली पाऊस उशिरा आला, असं सांगावं तशा सुरात त्या बोलल्या. मी फळ्यावर काहीतरी लिहायला वळले, आणि काय लिहायचं तेच आठवेना.

सुरुवात महाडपासून केली. दापोलीकडच्या माणसाला महाड परकं नाही. अलीकडच्या मंडणगड तालुक्यात आंबडवे, बाबासाहेबांच्या पूर्वजांचं गाव. रमाबाईंचं वणंद दापोलीजवळच. दापोली म्हणजे तर कॅम्प. लष्करातून निवृत्त झालेल्या महार सैनिकांची पेन्शनर वस्ती इथे होती, बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी पेन्शनीत आल्यावर काही काळ इथेच राहिले. पलटणीत लिहायला-वाचायला शिकलेली ही माणसं. त्यांच्यातल्याच गोपाळबाबा वलंगकरांनी १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहिलं, महाडच्या सत्याग्रहाच्या जवळजवळ चाळीस वर्षं आधी. म्हणजे आमच्या मातीत हे कुठून तरी उपरं आलेलं नाही. पण माझ्या वर्गातल्या निम्म्या माणसांनी वलंगकर हे नाव पहिल्यांदाच ऐकलं होतं. खरं तर नोकरीची अर्धी वर्षं उलटेपर्यंत मलाही ते कुठे माहीत होतं?

मार्चमधल्या एका साध्या दिवशी, गर्दी नसताना, आम्ही महाडला गेलो. दोन मॅजिक गाड्या, डब्यात भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी. वाटेत मी सांगत होते. १९२३ साली सी. के. बोल्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. पुढच्याच वर्षी महाडच्या नगरपालिकेने तळं खुलं झाल्याचा ठराव केला. कागदावर सगळं चोख. तळ्यावर मात्र कोणी गेलं नाही, जायची कोणाची छातीच होईना. रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांच्या मंडळींनी परिषद जमवली. २० मार्च १९२७ ला लोक रांगेने तळ्यावर गेले, बाबासाहेब पाण्यात उतरले, ओंजळभर पाणी प्याले. नंतर गावात आवई उठली की आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार. परतणाऱ्या माणसांना गाठून गाठून मारलं. पुढे तळ्याचं शुद्धीकरण झालं, १०८ घागरी, शेण-गोमूत्र-दूध-दही.

तळ्याशी पोचलो. चारी बाजूंनी बांधलेला काठ, मध्ये पुतळा, भोवती घरं, पाणी हिरवट. आमच्यातल्या एक काकू वाकून पाणी बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “ह्येच्यासाठी? ह्ये तर आमच्या गुरांना पन पाजनार नाय.”

सगळ्या हसल्या. मीही हसले. मग मी सांगितलं, बाबासाहेबही त्याच वर्षीच्या डिसेंबरात, महाडच्या दुसऱ्या परिषदेतल्या भाषणात तेच म्हणाले होते. हे पाणी नाही मिळालं तर आपण मरू असं काही नाही, आपण इथे आलो ते आपणही इतरांसारखी माणसं आहोत हे सिद्ध करायला. काकू गप्प झाल्या. जरा वेळाने त्यांनी चप्पल काढली, दोन पायऱ्या उतरल्या आणि ओंजळीत पाणी घेऊन डोळ्यांना लावलं. त्या कुणबीवाडीतल्या. त्यांना तिथे पाणी भरायला कोणी कधीच मनाई केली नसती. त्यांनी असं का केलं ते मी विचारलं नाही, आणि गाडीत त्याही दुसऱ्याच विषयावर बोलत होत्या, सुनेच्या बाळंतपणावर.

त्या तळ्याचा दावा दहा वर्षं चालला, हे आमच्या तरुण पोरांना फार लागलं. १९२७ चा सत्याग्रह, हायकोर्टाचा निकाल १९३७ चा. “दहा वर्षं, एका तळ्यासाठी?” एक मुलगा म्हणाला. त्याच्या शेजारच्याने टोला मारला, “तुमच्या काकांचा बांधाचा दावा किती वर्षं चाललाय?”

महाड म्हटलं की वर्ग खुलायचा. सगळ्यांना बोलायचं असायचं. अन्याय चाळीस कोस लांब असला आणि नव्वद-शंभर वर्षं जुना असला की त्यावर बोलायला फार बरं वाटतं. हे माझ्या हळूहळू लक्षात आलं. पहिली काही वर्षं मी याच सुखात होते.

मध्ये एकदा ६ ऑगस्टला हिरोशिमा दिन करायची हौस आली. मी रंगीत चित्रं छापून आणली, कागदी बगळे केले. आले किती? चार. त्यातले दोन पावसासाठी आडोशाला थांबलेले. बगळे उंदरांनी खाल्ले. आता वाटतं, बरंच झालं. पुढे जैतापूरच्या प्रकल्पावर बोललो तेव्हा मात्र हर्णैच्या कोळणीसुद्धा आल्या. सहा अणुभट्ट्या, मिळून ९९०० मेगावॉट, हे आकडे त्यांना नको होते. त्यांनी एकच विचारलं, थंड करायला घेतलेलं समुद्राचं पाणी परत सोडतील ते गरम असेल ना, मग बांगडा कुठे जाईल? फुकुशिमा घडलं मार्च २०११ मध्ये, आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात साखरी नाट्याला पोलिसांच्या गोळीबारात एक मच्छीमार गेला. हे सांगताना गिरणीत जी शांतता झाली ती हिरोशिमाच्या चित्रांनी झाली नसती.

शांतता. आमच्या गावात या शब्दाला फार मान आहे. २००७ साली सरकारने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम काढली. पुढे आमचं गावही तंटामुक्त जाहीर झालं. वेशीवर पाटी आहे, आता गंजलीय. ती पाटी लागली तेव्हा गावात एक कुटुंब वाळीत होतं. शिमग्याच्या पालखीच्या वर्गणीवरून गावकीशी वाजलं आणि सगळ्यांनी त्यांच्याकडे जाणं-येणं तोडलं. दुकानदार मीठ देईना, कोणी लग्नाचं आवतण देईना. तंटा नव्हताच मुळी. तंटा व्हायला दोन्ही बाजूंनी बोलावं लागतं.

एका रविवारी आम्ही सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा वाचायला घेतला. महाराष्ट्राने २०१६ साली तो केला, ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. वाळीत टाकणं हा गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलंच राज्य, आणि त्यामागे रायगड-रत्नागिरीकडच्या प्रकरणांचा वाटा मोठा. मी कलमं वाचत होते. वाळीत पडलेल्या त्या घरातली वहिनी भिंतीला टेकून बसली होती. तेव्हाचे गावकर, म्हणजे गावकीचे प्रमुख, दारापाशी होते, उठून जायला सोपं पडावं म्हणून बहुतेक. वाचून झालं. कोणी बोलेना. कोणीतरी खोकलं.

गावकर म्हणाले, “तेव्हा तसंच होतं सगळीकडं.”

वहिनी म्हणाली, “तेव्हा म्हणजे २०१२ साली, दादा. सासरे गेले तेव्हा खांद्याला चौथा माणूस नव्हता. माझ्या भावाला मंडणगडावरून बोलावला.”

‘दादा’ म्हणाली ती. गावकर पायाजवळचा कोंडा बोटाने गोळा करत राहिले. माफी वगैरे काही झालं नाही. पुढच्या रविवारी दोघंही आले, आणि बसले आपापल्या जुन्या जागी. मला तेवढंही पुष्कळ वाटलं. यावर माझी धाकटी मैत्रीण म्हणते की मी फार स्वस्तात समाधान मानते. असेल.

मोहल्ल्यातल्या दोघी-तिघी नेमाने येतात. एका वर्षी गणपतीच्या आधी मोबाइलवर एक व्हिडिओ फिरला, कुठल्या तरी दुसऱ्याच राज्यातला, जुना. त्यानंतरचे दोन रविवार मोहल्ल्यातलं कोणी आलं नाही. मी चाचींच्या घरी गेले, चहा झाला, शेवया झाल्या, व्हिडिओचं नाव दोघींनीही काढलं नाही. पुढच्या वर्गाला त्या आल्या तेव्हा मी मनुस्मृती-दहनाचा दिवस लावला. २५ डिसेंबर १९२७. दुसरी परिषद. महाडमध्ये मांडवाला जागा द्यायला कोणी तयार नाही. बाबासाहेब मुंबईहून बोटीने दासगाव बंदराला उतरले, तिथून लोकांसह चालत महाडला आले. आणि मांडव उभा राहिला तो फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांच्या जागेत. दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण. मी हे जरा रंगवूनच सांगत होते. फत्तेखानांचं नाव घेताना आवाजही चढला असणार, कारण चाची मध्येच म्हणाल्या, “अहो बाई, जागा दिली ती दिली. पडून होती, मान्सांना पायजे होती. तेचा किती करायचा?”

तेवढ्याने माझी सगळी हवा गेली. चाचींना बिचाऱ्या फत्तेखानांचा पुतळा नको होता. ज्याच्या फोनवरून तो व्हिडिओ गावात फिरला होता तो मुलगा समोरच बसला होता. त्याने तो काढून टाकला की नाही, मी विचारलं नाही. पावसाची मोठी सर आली तेव्हा घरी जाताना चाची त्याच्याच छत्रीत होत्या, एवढं मी पाहिलं.

याच परिषदेत बाबासाहेब बायकांशीही बोलले होते, लुगडं नेसायची पद्धत बदला, ओळखू येणारे जाडजूड दागिने टाका. हे सांगितल्यावर त्या मशीनवाल्या आजी एकदम सावरून बसल्या. “माझी सासू गेलेली तितं. येऊन लुगडा घोट्यापर्यंत नेसली. दोन दिस सासरा बोलला नाय तिच्याशी.” हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं असतं?

आता मूळ गोष्ट. आतापर्यंत टाळत आले.

माझं माहेर खोतांचं. आमच्या घराला अजून ‘खोताचं घर’ म्हणतात, खोती जाऊन पंचाहत्तर वर्षं होत आली तरी. ज्यांना खोती माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कोकणात गावचा सारा गोळा करून सरकारात भरायचा मक्ता खोताकडे असायचा. इंग्रजांनी १८८० च्या कायद्याने त्याला पक्कं रूप दिलं. सरकारला ठरलेला सारा गेला की कुळाकडून काय घ्यायचं ते खोत बघून घ्यायचा. भाताचा अर्धा वाटा म्हणजे अर्धेल. वर वेठ, म्हणजे खोताच्या घरची फुकट कामं. सणाला कोंबडा, घर शाकारायला माणसं, पालखीला खांदे. चरीच्या शेतकऱ्यांनी याविरुद्ध १९३३ साली संप केला. अलिबागजवळचं हे गाव. नारायण नागू पाटलांच्या मागे आसपासची गावं उभी राहिली आणि सहा वर्षं त्यांनी जमीन कसली नाही. सहा वर्षं! लाकडं विकून, मजुरी करून, उपाशी राहून. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, पुढच्या जानेवारीत मुंबईत शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला. तरी कायदा व्हायला १९४९ उजाडलं.

हे सगळं मी वर्गात शिकवलं. नीट, तारखांसकट. आणि शिकवताना दर वेळी साने गुरुजींचं नाव आणलं. पालगडचे गुरुजी, तेही खोताच्याच घरातले, आणि पाहा, १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं देऊळ खुलं व्हावं म्हणून दहा दिवस उपाशी राहिले. कधी अप्पा पटवर्धन आणायचे. तेही रत्नागिरीकडचे, ब्राह्मण, १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्या म्हणून उपास करणारे. त्यांच्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही अन्न सोडलं होतं. पुढे कणकवलीला गोपुरी आश्रम काढून ते मेलेल्या जनावरांची कातडी सोडवत राहिले. सगळं खरं. पण बौद्धवाडीतले तात्या एकदा तंबाखू मळता मळता म्हणाले, “बाई, तुमाला खोताची नि भटाची चांगली पोरं बरी आठवतात.”

ते हसत म्हणाले होते. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. खरंच, मी दर वेळी दाराआड लपल्यासारखी गुरुजींच्या मागे उभी राहत होते.

आमच्या माळ्यावर आजोबांची ट्रंक आहे. तीत वह्या आहेत, लाल कापडाच्या बांधणीच्या, सगळ्या मोडीत. मला मोडी येत नाही. माझ्या वडिलांना यायची, पण त्यांनी त्या कधी उघडल्या नाहीत, आम्हाला उघडू दिल्या नाहीत. आजोबा मला आठवतात ते म्हातारपणीचे, पडवीतल्या आरामखुर्चीत, खिशात माझ्यासाठी आंबोशी ठेवणारे. मी आजारी पडले की उशाशी बसून भुताच्या गोष्टी सांगायचे. माझ्यापुरते ते फार मायाळू होते.

कुणबीवाडीतल्या एका मुलीने कॉलेजात असताना मोडी शिकून घेतली. हल्ली मोडी वाचणाऱ्यांना बरीच मागणी आहे, कुणबी नोंदी शोधायला २०२३ पासून सगळा महाराष्ट्र दप्तरं उलगडत बसलाय. तिला विचारलं, “वाचशील?” ती म्हणाली, “घरी येऊन वाचू का?” आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “नको, गिरणीत वाच.” निघून गेलं म्हणते, पण खरं तर तात्यांच्या त्या वाक्यापासून ते आत घोळतच होतं.

वही शके १८५३ ची निघाली. पोरांनी लगेच अठ्ठ्याहत्तर मिळवले, १९३१. मुलगी सतरंजीवर मांडी घालून बसली, वही लाकडी पेटीवर ठेवली. झुरळांनी कडा कुरतडलेल्या. ती एकेक ओळ लावत होती. भात मण ४. नागली पायली ६. पेंढा भारे अमुक. शिमग्यास कोंबडा १. वेठ, शाकारणी, दिवस ३. वेठ, कवळ तोडणे, दिवस ५. कुणबीवाडीतली घरं तर तिने नावानिशी वाचली, आणि लोक पुढे सरकले. “हा आमचा”, “थांब थांब, हा तुझा पणजा”. लग्नाच्या याद्या वाचाव्यात तशी गंमत चालली होती. एका घरापुढे आजोबांनी लिहिलं होतं, ‘ऐकत नाही’. त्या घरचे आताचे कर्ते छाती काढून बसले. “आमी कुनाचंच ऐकत नाय!” आणि ते खरंच आहे.

मग ती थांबली. बोट ओळीवर, तोंड मिटलेलं.

“काय झालं?” मी विचारलं.

“बाई, इथे जात लिहिलीय.”

तात्या मागून म्हणाले, “लिवलीय ती वाच ना.”

तिने वाचलं. नाव, त्यापुढे जात. ना बापाचं नाव, ना आडनाव. आणि नावही पुरतं नाही. मूळ नाव चांगलं देवाचं होतं, त्याला ‘या’ जोडून तोडलेलं, कुत्र्याला हाक मारावी तसं. ते इथे लिहीत नाही, कारण तसं लिहायची परवानगी मी घेतलेली नाही. त्यापुढे, वेठ. ढोर ओढणे. लाकडे फोडणे. सांगावा घेऊन दापोली. दिवस, दिवस, दिवस. आणि शेवटच्या रकान्यात, जिथे बाकीच्यांच्या नावापुढे मण-पायली होते, तिथे रेघ.

“हा माझा आजा,” तात्या म्हणाले.

हस्ताक्षर फार सुंदर होतं. मला मोडी वाचता येत नसली तरी सुंदर अक्षर ओळखता येतं. बाकदार, एका लयीतलं, कुठे खाडाखोड नाही. याच हाताने आंबोशी दिली होती.

मला बोलायचं होतं. काय ते ठरलं नव्हतं. पायाखालची कोंड्याची भुकटी आणि वरचा तो लोंबता पट्टा एवढंच दिसत होतं. शेवटी जे सुचलं ते अगदी शाळामास्तरणीचं होतं. मी पर्समधून पेन काढलं, तात्यांपुढे धरलं आणि म्हटलं, “तात्या, तुमच्या हाताने आजोबांचं पूर्ण नाव लिहा इथे. शेजारी. नीट.”

मला वाटलं, हे फार चांगलं होईल. गिरणीतल्या बऱ्याच जणांना तसं वाटलं असावं, एकाने फोन काढून कॅमेरासुद्धा लावला.

तात्यांनी पेन घेतलं, टोपण काढलं, वहीवर वाकले. मग टोपण परत लावलं.

“असू दे,” ते म्हणाले. “जसा हाय तसाच असू दे. आता मी नीट लिवला, की उद्या कोन म्हनल, बघा, वहीत तर पुरा नाव हाय, मान देत होते ह्यांना. खोताला लिवायचा होता तसा त्याने लिवलाय. तो राहू दे.”

त्यांनी फोनवाल्या पोराला सांगितलं, “तू काय लग्नाचा व्हिडिओ काढतोस? ह्या पानाचा फोटो काढ. नीट काढ, अक्षर दिसला पायजे.”

फोटो काढला. सावली पडत होती म्हणून दोन-तीनदा काढला. मग तात्यांनी मुलीला विचारलं, पुढे काय लिवलंय, आणि तिने पुढचं पान उलटलं, तिथे नारळांचा हिशेब होता. तो सगळा वाचून होईपर्यंत आम्ही बसलो. कोणीच उठलं नाही, नारळांत कोणाला काय रस असणार, तरी.

निघताना प्रश्न आला, वही ठेवायची कुठे. मी घरी नेते म्हटलं. मशीनवाल्या आजी म्हणाल्या, “माळ्यावर? परत माळ्यावरच?” गिरणीत मालकाचं लोखंडी कपाट आहे, पूर्वी त्यात गल्ला असायचा. वही त्यात ठेवली. कुलूप नवं आणलं. आता ट्रंकेतल्या बाकीच्या वह्याही एकेक करून तिथे जाताहेत, दर रविवारी एक. आता मुलीच्या बाजूला बसून दोन पोरं मोडीची बाराखडी गिरवतात. गावकर विचारत होते, पालखीच्या मानाचं काही निघतं का बघा, म्हणजे एकदाचा निकाल लागेल. निघालं तर वाद मिटेल की नवा पेटेल, मला शंकाच आहे.

माझा धाकटा भाऊ पुण्याला असतो. त्याला कोणीतरी त्या पानाचा फोटो पाठवला. रात्री फोन आला.

“ताई, काय चालवलंयस? घरातल्या वह्या गावभर वाचायच्या?”

“हो.”

“दादाजी असे नव्हते.”

“माझ्याशीही नव्हते.”

बराच वेळ तो बोलला नाही. मागे टीव्हीचा आवाज येत होता.

“वह्या कुठायत आता?”

“गिरणीतल्या कपाटात.”

“आणि किल्ली?”

“तात्यांकडे.”

तो परत गप्प झाला. मग म्हणाला, “बरं, मोहोर कसाय यंदा?” मी सांगितलं, वरच्या कलमांना बरा आहे, खालच्यांचा थंडी नसल्यामुळे गळलाय.